उघड्या डोळ्यांचा कॅमेरा

२००७ साली दिवाकरराव रेल्वेतून निवृत्त होणार होते आणि इंदूबाईंना निरोपसमारंभात त्यांचा उघड्या डोळ्यांचा एक तरी फोटो हवा होता. लग्नापासून फ्लॅश चमकला की त्यांचे डोळे मिटलेच, आणि रोल धुऊन येईपर्यंत ते कळायचंही नाही. डिजिटलमध्ये लगेच दिसतं म्हणे, म्हणून पाच हजार घेऊन दोघं तेलीबांधा भागातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले.

“आंटी, ये देखिए, आठ मेगापिक्सेल,” दुकानदार सुशील म्हणाला.

“ते राहू द्या भैया. यांचे डोळे उघडे येतात का, तेवढं पाहा.”

चार कॅमेरे झाले, चारही वेळा डोळे बंद.

“अहो, झोपून राहिले का तुम्ही?”

“मले काहून बोलून राहिली? उजेड डोळ्यांत जाते ना!”

शेवटी बाईंनी कोपऱ्यातला, धूळ बसलेला कॅमेरा उचलून बटण दाबलं. फोटोत डोळे टक्क उघडे!

“आंटी, इसका तो फ्लॅश ही खराब है.”

“मग हाच बांधून द्या!”

समारंभात त्यांनी नवऱ्याला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि फोटो झकास आला.

सुशील आता मोबाइल विकतो. कॅमेरा इंदूबाईंच्या कपाटात, साडीच्या घडीत आहे. फोटो बैठकीत लागलाय, आणि दिवाकरराव दुपारभर त्याच्याखालीच डोळे मिटून बसतात.