साखरेची बरणी तशीच भरलेली

घड्याळजींचं डोकं वर्षभरापासून दगा देत होतं. कालचं आज आठवायचं नाही, पण हात अजून शाबूत होते. आयुष्यभर बारीक स्क्रू फिरवलेले हात ते. म्हणून त्यांच्या लेकीने, जी घरीच कपडे शिवायची, ठरवून टाकलं होतं की बाबांच्या हातांना काही ना काही काम द्यायचं.

त्या दिवशी दोघं संत्र्याच्या साली पाकवायला बसली. लहानपणी बाबांनीच तिला ते शिकवलं होतं. साली उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायच्या. कडवटपणा जाईपर्यंत हेच. मग आतला पांढरा भाग बाबांनी चमच्याने असा अलगद खरवडला, की घड्याळाची काच पुसतायत असं वाटावं. पट्ट्या पाकात शिजून पारदर्शक झाल्या आणि जाळीवर निथळायला ठेवल्या. घरभर वास घमघमत होता.

आता नुसतं साखरेत घोळवायचं राहिलं, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. गिऱ्हाईक कोट अंगात घालून बघायला आलं होतं.

"बाबा, तुम्ही घोळवायला घ्या हं. बरणी ओट्यावरच आहे," ती बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

"अगं, मला काय शिकवतेस?" आतून उत्तर आलं.

कोटाची बाही एका बाजूला ओढत होती. त्यात बाई बोलघेवड्या. टाचण्या लावून, त्यांना वाटेला लावून ती स्वयंपाकघरात आली, तर बाबा नाहीत आणि जाळीवर एकही पट्टी नाही.

ओट्यावर साखरेची बरणी झाकण लावलेली, गळ्यापर्यंत भरलेली. शेजारी मोरी तुंबली की ओतायची ती पांढरी पूड. पिशवीचं तोंड कात्रीने सरळ कापलेलं. थाळीत थोडे दाणे सांडले होते, त्यांना पाणी सुटलं होतं.

नळीत अडकलेले केससुद्धा खाऊन टाकणारी पूड ती! ओट्याखालच्या कपाटाला कुलूप लावायचं कितीदा मनात आलं होतं, आणि कितीदा राहून गेलं होतं.

"बाबा!"

न्हाणीघरात नाहीत, गॅलरीत नाहीत. दाराशी चपला नाहीत. बिस्किटांचा लाल डबाही जागेवर नाही. घरात गोड झालं की आधी चार लोकांना वाटून यायचं, ही त्यांची जुनी खोड.

ती अनवाणीच धावली. खालच्या मजल्यावरच्या आजींचं दार तिने दोन्ही हातांनी बडवलं.

"आजी, बाबांनी तुम्हाला काही दिलं?"

"दिलं की. म्हटलं, चहा होऊ दे, मग—"

बशीतली पट्टी तिने झडप घालून उचलली. "तोंडाला लावली नाही ना? नक्की? मग हात धुवा आधी, खळखळून धुवा!"

आजी आ वासून बघत राहिल्या. ती रस्त्यावर आली. समोरची शाळा नुकतीच सुटली होती. फाटकापाशी पोरांचा नुसता चिवचिवाट. बाबा पोरांना खाऊ दिल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. कुणाच्या तोंडात काय असेल, कुणाला विचारायचं, कुठल्या पोराचा हात आधी धरायचा?

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातून आरडाओरडा ऐकू आला.

न्हावी बेसिनवर वाकून थुंकत होता. बाबा डबा हातात धरून बावचळून उभे. "कडू लागतंय का रे?" ते विचारत होते. "चांगल्या उकळल्या होत्या आम्ही."

"गिळू नका! चुळा भरा, भरत राहा!" तिने नळ पूर्ण सोडला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला फेस घेऊनच गाडी बघायला पळालं. तिने डबा हिसकावला, बाबांचे हात नळाखाली धरले. बोटं लालभडक झाली होती.

"बाबा, तुम्ही खाल्लं? खरं सांगा."

"मी? आधी लोकांना द्यायचं, मग आपण."

"पोरांना दिलं का? शाळेतल्या?"

बाबा विचारात पडले. "कुठली शाळा?"

ती तशीच फाटकाकडे धावली. शाळेचा पहारेकरी स्टुलावर बसला होता.

"घड्याळजी? नाही बुवा," तो म्हणाला. "मघाशी पलीकडच्या फुटपाथनं गेले. मी हातसुद्धा केला, पण त्यांचं लक्षच नव्हतं. तेव्हा पोरं अजून वर्गातच होती."

ती तिथेच, त्याच्या स्टुलाशेजारी मटकन खाली बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी न्हाव्याचा घसा तपासला. जीभ आणि ओठ भाजले होते, पण आत काही गेलं नव्हतं. पाच-सहा दिवस पातळ खायचं, बरं होईल म्हणाले. बाबांच्या बोटांची सालडी निघाली होती.

"दुखत नव्हतं का हो, बाबा?"

"चरचरत होतं. पण काम अर्धवट कसं सोडायचं?"

न्हावी सुजलेल्या तोंडानेच पुटपुटला, "घड्याळजी, पुढच्या दाढीला साबणाऐवजी मीठ चोळतो तुम्हाला." ती हसली, आणि हसता हसता तिला रडूच फुटलं.

कपाटाला त्याच दिवशी कुलूप लागलं. पण घरी परतल्यावर तिला जिकडे तिकडे तेच दिसू लागलं: गॅसचं बटण, काडेपेटी, कात्री, गॅलरीचा बुटका कठडा. आपलंच घर तिला परक्यासारखं वाटलं.

आता गिऱ्हाईक आलं की बाबाही बाहेरच्या खोलीत तिच्याजवळ बसतात. ती त्यांना बटणांचा ढीग देते, ते रंगांप्रमाणे वेगळी करतात. बटणांची टिकटिक चालू असते तोवर मशीन सुरळीत चालतं. टिकटिक जरा थांबली की तिचा पाय पायट्यावरून आपोआप उचलला जातो, आणि मान वळवून बघेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असतो.