खरखर माझ्या पोटात नव्हती

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. ‘जुना’ हा शब्द माझा मी लावून घेतला; घरात मला बरीच वर्षं ‘ते खोकं’ म्हणत. माझ्या पोटात काचेचे पाच व्हॉल्व्ह आहेत. वीज मिळाली की ते आधी तांबूस होतात, मग तापतात, आणि त्यानंतर मी बोलतो. बटण दाबल्याबरोबर बोलू लागणं ही अलीकडची सवय आहे. आमच्या वेळी बोलण्याआधी थोडं थांबावं लागे, आणि ऐकणाऱ्यालाही तोवर गप्प बसावं लागे. त्यामुळे घरातली निम्मी भांडणं टळत.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. जन्माचं मला काही आठवत नाही. कुणालाच आठवत नाही, पण आत्मवृत्तात ते सांगावं लागतं. अंगावर सागाची पातळ, चकचकीत पट्टी, पुढे सोनेरी कापड, आणि त्याखाली एक पिवळी काच. काचेवर शहरांची नावं लिहिलेली होती: दिल्ली, कोलंबो, काबूल आणि कुठली कुठली. जालना नव्हतं. ज्या मुलखात सगळं आयुष्य जायचं होतं, तो माझ्या कपाळी लिहिलेलाच नव्हता.

मला विकत घेतलं भिवाबाबांनी. ते जालन्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. गावात वीज आली त्या वर्षी त्यांनी मला मांडीवर घेऊन एसटीने घनसावंगीकडच्या आपल्या गावी आणलं. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं. तेव्हापासून मी स्वतःला माणसात धरतो.

गावातले आणि आमच्या वस्तीतले लोक मात्र एकमेकांना तितक्या सहज माणसात धरत नव्हते. भिवाबाबांनी आणि वस्तीने बुद्धाचा धम्म स्वीकारून तोवर काही वर्षं झाली होती. गावाने आपला जुना रिवाज सोडला नव्हता. संध्याकाळी मी बोलू लागलो की गावातली माणसं येत आणि कुंपणाच्या बाहेर उभी राहत. या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं, बातम्या चालत होत्या. पाणी विटाळतं आणि कापसाचा भाव विटाळत नाही, असं काहीतरी शास्त्र होतं. ते कुणी लिहिलं मला माहीत नाही. माझ्यावरून कधी वाचून दाखवलं नाही.

भिवाबाबा कुणाशी वाद घालत नसत. बाजारभाव झाले की ते माझं बटण बंद करत आणि खिडकीतून म्हणत, “आता गाणी लागणार. ऐकायची असतील त आत या. चहा टाकलाय.”

कुंपणापाशी चुळबुळ होई. मग कुणाला ढोरांना पाणी दाखवायचं आठवे, कुणाला सासुरवाडीचा पाहुणा आठवे. बापाच्या खांद्यावर बसलेला एक पोरगा तेवढा भोकाड पसरे. त्याला गाणी हवी असत. बाप त्याला तसाच उचलून नेई. त्या पोराने लहानपणी माझं तोंड कधी पाहिलं नाही. मी खिडकीत ठेवलेला, त्याच्याकडे माझी पाठ. पुठ्ठ्याच्या भोकांतून लाल व्हॉल्व्ह तेवढे दिसायचे.

त्या पोराचं नाव काकासाहेब. वयात आल्यावर कुणाला न विचारता ते भिवाबाबांच्या घरी चहा प्यायला लागले. आता साखर कमी पडली तर तक्रारही करतात. वीज कंपनीत लाइनमन म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि घरातल्या पुढच्या खोलीत व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करत बसले. माणसाने लहानपणी ज्याची नुसती पाठ पाहिली असेल, त्याच्या पोटात शिरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

माझे चांगले दिवस फार टिकले नाहीत. घरात टीव्ही आला आणि तो माझ्याच डोक्यावर ठेवला. सवतीला डोक्यावर घेऊन बसल्यासारखं ते होतं. पुढे टीव्ही भिंतीवर गेला आणि मी माळ्यावर. तिथे उंदरांनी काचेवर सरकणाऱ्या माझ्या काट्याची दोरी खाल्ली. त्यांना दोष देत नाही. माझा काहीतरी उपयोग आहे असं मानणारे त्या काळात तेवढेच होते.

मग मागच्या हिवाळ्यात भिवाबाबांचे चिरंजीव साहेबराव यांनी मला माळ्यावरून काढलं. साहेबराव शाळेतून निवृत्त झालेले. गाव त्यांना ‘सर’ म्हणतं. मला पुसून ते काकासाहेबांच्या घरी घेऊन आले, तेव्हा मला वाटलं, आली पुन्हा बोलायची वेळ. आलीच होती, पण वेगळी.

“काकासाहेब, याचं पोट रिकामं करून द्या,” सर म्हणाले. “अर्पिताला पुण्याच्या फ्लॅटात ठेवायचाय. आतलं सगळं काढून ती ब्लूटूथ बसवणारे.”

अर्पिता म्हणजे सरांची मुलगी.

काकासाहेबांनी मला मागून पाहिलं. त्यांना माझी तीच बाजू पटकन ओळखू येते. “सर, हा भिवाबाबांचा रेडिओ हाय ना?”

“हो.”

“आन् त्याच्या तोंडातून दुसरंच कोणी बोलणार.”

“पोरीची हौस आहे. मला काय, माळ्यावर पडून होता.”

“मी वाजवून दाखवतो. वाजला त पोट काढायचं न्हाई. बोला.”

सरांनी रुमालाने माझी काच पुसली. “आयतवारी अर्पिता येऊन राह्यली. तिच्यापुढं साफ वाजला पाहिजे. नुसती खरखर ऐकून ती काय थांबायची न्हाई.”

मित्रांनो, तुमच्यातही पोटाचे आजार असतात. पण आयतवारपर्यंत बरं नाही वाटलं तर पोटच काढून टाकू, असं तुम्हाला कुणी सांगत नाही.

काकासाहेबांनी मला थेट वीज दिली नाही. वर्षानुवर्षं झोपलेल्याला एकदम उठवलं तर तो जळतो. त्यांच्याकडे सिरीज बोर्ड आहे. त्यात मध्ये एक जुना पिवळा बल्ब असतो आणि वीज त्यातून गाळून येते. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, रोगी गेला. मंद राहिला तर आशा आहे. माझा बल्ब मिणमिणला. काकासाहेबांनी खाली वाकून मांडीवर हात मारला.

मग त्यांनी माझे सुकलेले कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्हचे पाय घासले, एक मेलेला व्हॉल्व्ह जालन्याच्या भंगार बाजारातून आणून बसवला, काट्याला नवी दोरी ओवली. त्यांच्या पत्नी पुष्पाबाई दारातून पाहत होत्या.

“माझा गुडघा दुखून राह्यला तर म्हणता, बाम लाव,” त्या म्हणाल्या. “आन् ह्याला रोज ऑपरेशन.”

“तुझ्या गुडघ्याला स्पेअर मिळत न्हाई,” काकासाहेब मान वर न करता म्हणाले.

गुरुवारी मी बोललो. म्हणजे माझ्या पोटातून आवाज आला. पण तो खरखरीचा. कढईत मोहरी तडतडावी तशी ती चालूच राहिली, आणि तिच्यामागे कुणीतरी माणूस बुडत असल्यासारखा बोलत होता. काकासाहेबांनी मला पुन्हा उघडलं. शुक्रवारी पुन्हा. जिथे मला काहीही दुखत नव्हतं, तिथेही त्यांनी उपचार केले. तुमच्यात अशा डॉक्टरांना मान असतो असं ऐकतो.

शुक्रवारी दुपारी पुष्पाबाई खोलीत आल्या. “दिवसाढवळ्या ट्यूब कशाला?” असं म्हणून त्यांनी भिंतीवरची एलईडी ट्यूब बंद केली.

खरखर निम्मी झाली.

काकासाहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. “लाव बरं पुन्हा.”

ट्यूब लागली. मोहरी पुन्हा तडतडली.

“आता बंद कर.”

“मी काय तुमची लाइनमन हाय का?” पुष्पाबाई म्हणाल्या, पण बंद केली.

खरखर माझ्या पोटात नव्हतीच. ती घरात होती. मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा डबा, इन्व्हर्टर, सगळे एकाच वेळी आपापल्या परीने कुरकुरत होते, आणि मी इमानाने ती कुरकुर ऐकवत होतो. रेडिओचं काम हवेत जे असेल ते सांगणं. हवेत हेच होतं.

काकासाहेबांनी घरातलं एकेक बंद केलं. तरी शेजारच्या घरांची खरखर तारेवरून येतच राहिली. मेन स्विच पाडला असता तर ती माझ्यापर्यंत पोचली नसती, पण मग मीही वाजलो नसतो. वीज आहे तोवर खरखर आहे, आणि खरखर थांबावी तर वीज नाही. ही अडचण कुटुंबांतही असते.

शनिवारी सकाळी काकासाहेब गल्लीत निघाले. अंगात नेहमीचा खाकी सदरा, खिशात टेस्टर. पहिल्याच दारात म्हणाले, “पाच-दहा मिनिटं घरातलं सगळं बंद ठेवा.” का, ते सांगायला त्यांना सवड मिळाली नाही. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचण्याआधी तारेवर चोरून टाकलेले आकडे खाली आले. इतकं शिस्तबद्ध काम मी या गावात दुसऱ्या कशाचं पाहिलेलं नाही. गल्लीतल्या कचरूने आपला आकडा गुंडाळून धान्याच्या कोठीत घातला आणि दारात येऊन हात जोडले.

“सायेब, आमच्यात त कंदीलच असतो.”

“अरे कचरू, मी रिटायर होऊन किती साल झाले.”

“आसं कसं रिटायर? टेस्टर हाय की खिशात.”

“मला रेडिओ ऐकायचाय.”

“ऐका की. आम्ही कुठं आकड्यावर ऐकतो?”

काकासाहेब दारोदारी समजूत काढत राहिले आणि तेवढा वेळ मी स्वच्छ वाजलो. ऐकायला घरात पुष्पाबाई होत्या. नवरा परतला तेव्हा गल्ली पुन्हा चालू झाली होती; रागापोटी तर लोकांनी थंडीतही पंखे लावले होते.

“वाजला होता,” पुष्पाबाई म्हणाल्या. “गाणं लागलं होतं. चांगलं होतं.”

“कोणतं?”

“संपलं.”

काकासाहेब खुर्चीत बसले. उद्या आयतवार होता. पुन्हा गल्लीत गेले असते तर लोकांनी चहाऐवजी दुसरं काही पाजलं असतं. त्यांनी माझ्या पाठीचा पुठ्ठा हातात घेतला आणि तो लावावा की नको, असा विचार करत बसले.

“आपल्या मोसंबीच्या बागेतल्या मोटारीच्या खोलीत कोण राहतं?” पुष्पाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

“कोणीच न्हाई.”

“ट्यूब हाय?”

“न्हाई.”

“फ्रीज?”

काकासाहेबांनी पुठ्ठा लावला.

आयतवारी अर्पिता आली. गाडीत ब्लूटूथचा नवा संच होता, खोक्यासकट. ती वाईट मुलगी नाही. तिने मला गोधडीत गुंडाळलं, मागच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. मग सगळे काकासाहेबांच्या मोसंबीच्या बागेत गेलो. त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसाची होती. काकासाहेबांनी मला मोटारीच्या खोलीत ठेवलं, मोटार बंद केली, एरियलची एक लांब तार या झाडावरून त्या झाडावर नेली, आणि अर्थिंगची दुसरी तार ठिबकने भिजलेल्या मातीत सळई ठोकून तिला बांधली. बागेत कुठेच काही कुरकुरत नव्हतं.

“काका, सुरू झालाय का?” अर्पिताने विचारलं.

“तापून राह्यलाय. दम धर.”

माझे व्हॉल्व्ह लाल झाले. काकासाहेब बाजूला सरकले. “सर, तुम्ही फिरवा.”

सरांनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. “बाबांनी मला याला कधी हात लावू दिला न्हाई,” ते म्हणाले. “म्हणायचे, काटा घसरतो.” मग त्यांनी बटण धरलं. गरम चहाचा कप धरावा तसं, बोटांच्या टोकांनी.

काटा हळूहळू सरकला. आणि एका बाईचा आवाज खोलीत आला, शेजारी बसून बोलावं इतका साफ. विषय होता मोसंबीची फळगळ आणि तिच्यावरचे उपाय. गाणं लागलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण सर ऐकत होते. शिक्षक माणूस, दुसरं कुणीतरी शिकवतंय आणि आपण बसलोय, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळत असावं.

“पप्पा, मला द्या ना फिरवायला,” अर्पिता म्हणाली.

“थांब गं. बाई बोलून राह्यलीय.”

ती थांबली. मग काकासाहेबांकडे वळली. “काका, पुण्यात पण असाच वाजेल?”

मित्रांनो, काकासाहेबांनी ‘हो’ म्हटलं असतं तर मी पोटासकट पुण्याला गेलो असतो. पुढे खरखर झाली असती, ती त्यांच्या कानावर आली नसती. त्यांनी माझ्या पाठीचा पुठ्ठा उगाच चाचपला.

“न्हाई,” ते म्हणाले. “तुझ्या बिल्डिंगीत किती चार्जर असतील त्याचा हिशेब न्हाई. तिथं बिलकुल ऐकू यायचं न्हाई.”

“मग तिथं नुसता नेऊन काय करू?”

“तेच. म्हणून तुझं ब्लूटूथ बराबर हाय. मी काय बोलू.”

अर्पिताने वडिलांकडे पाहिलं. “पप्पा, तुमचं काय म्हणणं?”

“माझं काय म्हणणं? घेऊन जा. तुझाच हाय.” सरांनी हे माझ्याकडे तोंड करून सांगितलं. हात बटणावरच होता.

“तुम्ही हात काढा, मग नेते.”

“काढतो की. ही बाई संपू दे.”

बाई संपली. तिच्यामागून एक गृहस्थ आले आणि शेळीपालनावर बोलू लागले. सरांच्या घरात शेळी कधीच नव्हती. हात हलला नाही. अर्पिता थोडा वेळ उभी राहिली, मग मोटारीच्या खोलीतलं खताचं रिकामं पोतं झटकून वडिलांच्या शेजारी बसली. शेळ्यांचं लसीकरण होईपर्यंत तीही ऐकत राहिली. मग ती उठली, बाहेर गेली आणि ब्लूटूथचं खोकं गाडीच्या डिकीत ठेवून आली.

पुण्यात तिने तो संच एका तांब्याच्या घंगाळात बसवला, असं ऐकतो. घंगाळाला काय वाटलं, ते त्याने त्याच्या आत्मवृत्तात सांगावं.

मी आता सरांच्या घरी असतो. वीज दिवसाची असली की दोघं म्हातारे मला गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर बागेत नेतात. काकासाहेब चालवतात, सर मला मांडीवर घेतात. बटण फिरवण्यावरून त्यांची रोज भांडणं होतात. मी तापेपर्यंत ती मिटतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला एकदम वीज देऊ नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा. तो बोलू लागला आणि खरखरला, तर लगेच त्याचं पोट फाडायला धावू नका. आधी घरातली आपली बटणं एकेक करून बंद करा आणि थोडं थांबा. हा उपाय माणसांनाही लागू पडतो का, ते मला सांगता येणार नाही. मी फक्त पाच व्हॉल्व्हचा आहे.

आता आवरतं घेतो. मोसंबीला पाणी द्यायची वेळ झाली, आणि मोटार सुरू झाली की माझं कुणाला ऐकू जात नाही.