एंटरने भागणार नाही

हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये माणसं दोनच: ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताई तिथली जुनी, भाऊ मागाहून तिच्या हाताखाली आलेला. एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात ताईने प्रत्येक विभागाला स्वतंत्र बंद खोली, म्हणजे जणू वेगळा संगणकच, करून दिली होती. रक्ततपासणीची वेगळी, औषधांची वेगळी, ऑपरेशन थिएटरची वेगळी. एकाने घोळ घातला तर दुसऱ्याला झळ लागू नये, एवढ्यासाठी.

नवी खोली उभी करायची म्हणजे डोक्याला ताप होता. मूळ सिस्टीम पहिल्यापासून टाकायची आणि ती तर एखाद्या चौकस पाहुण्यासारखी विचारत बसायची: घड्याळ कुठलं, पत्ता कुठला, पासवर्ड काय. भाऊ प्रश्न न वाचताच एंटर दाबत सुटायचा. मग त्या खोलीचं घड्याळ भलतीच वेळ दाखवायचं आणि ताईला ते निस्तरावं लागायचं. तिने त्याचं नावच एंटरबहाद्दर ठेवलं होतं.

शेवटी ती हात धुवून या कामाच्या मागे लागली आणि तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी, लिहिली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आतच भरलेली.

भावाने नाक मुरडलं. "वर्षाकाठी दोन-चार खोल्या बांधायच्या, त्याला एवढा खटाटोप?"

"मी नसेन तेव्हा तुला बांधता यायला हवी ना," ताई म्हणाली.

ती वेळ लवकरच आली. ताईला पित्ताशयाच्या खड्यांसाठी त्याच हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं आणि नेमकं ऑपरेशनच्या सकाळी डायलिसिस विभागाचा फोन आला. नवी मशिनं आली होती, त्यांना दुपारपर्यंत खोली हवी होती.

भावाने आधी सरावासाठी एक खोली बांधून पाहिली. एक ओळ लिहिली आणि बघत राहिला. स्क्रिप्टने त्या नावाची जागा आधी पुसून साफ केली, मूळ सिस्टीम उलगडली, घड्याळ लावलं, पत्ता दिला, दार बंद केलं. कुठे अडणं नाही, विचारणं नाही. इतकं नेटकं काम त्याने या तळघरात कधी पाहिलं नव्हतं. ही आपली बहीण, याचा त्याला मनापासून अभिमान वाटला आणि आपण नाक मुरडलं होतं याची लाजही वाटली.

पण जीव वर थिएटरपाशी घुटमळत होता. त्याने 'दाखव थिएटर' अशी ओळ लिहून थिएटरच्या खोलीतली यादी उघडून पाहिली. ताईचं नाव होतं, रक्तगट होता, तिला न चालणारं इंजेक्शन लाल अक्षरांत होतं. पुढे नोंद होती: आत घेतलं.

त्याने घाईघाईने यादी मिटली आणि डायलिसिसच्या कामाला हात घातला. वरच्या बाणाचं बटण दाबून आधीची ओळ परत आणली, 'दाखव' खोडून 'बांध' लिहिलं आणि एंटर दाबलं. पुढचं 'थिएटर' खोडून 'डायलिसिस' लिहायचं राहूनच गेलं.

स्क्रिप्ट थांबली. काहीतरी विचारत होती. त्याने सवयीने एंटर दाबलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर कुठे त्याने वाचलं:

'थिएटरची खोली रिकामी नाही. आत माणसं आहेत. पुसायचीच असेल तर तिचं पूर्ण नाव स्वतः लिही. नुसत्या एंटरने भागणार नाही, येड्या.'

त्याने दोन्ही हात की-बोर्डवरून उचलले आणि श्वास जागेवर आल्यावरच काम रद्द केलं. मग ओळ नव्याने, एकेक अक्षर वाचत लिहिली. डायलिसिसची खोली दुपारच्या आत उभी राहिली.

संध्याकाळी तो वॉर्डात गेला तेव्हा ताई शुद्धीवर होती, चेहरा उतरलेला, पण डोळे नेहमीचेच.

"झाली खोली?"

"झाली. झकास लिहिलंयस तू."

"काही विचारलं का स्क्रिप्टने?"

तो उगाच तिची चादर नीट करू लागला.

"एंटर दाबलंस ना?"

"तीनदा."

ताईला हसू आवरेना. "हसवू नकोस रे, टाके दुखतात."

"ताई, त्या खोलीत तू होतीस."

तिचं हसू थांबलं. तिने सलाईन नसलेला हात त्याच्या हातावर ठेवला.

"आज मी होते," ती म्हणाली. "रोज कुणीतरी असतंच की."