पल्याड करंजा

"झाला! जामीन झाला!" अल्पेशने फोन खिशात कोंबला आणि आईला उचलून गर्रकन फिरवलं.

"आरं मेल्या, सोड!" गोदू ओरडली. "वकीलबाई आनखी काय बोलल्या?"

"बोलत व्हत्या कायतरी. मी ठेवला फोन. बाबा घरी येतात, आजून काय पायजे?"

मिठागराच्या बांधावरून भावकीत मारामारी झाली, त्या खटल्यात गोदूचा नवरा काळूराम तुरुंगात होता. आत असतानाच त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि दुखणं विकोपाला गेलं, म्हणून कोर्टाने जामीन दिला. गोदूच्या अंगात वारं शिरलं. तिने उंबरठा धुतला, गादी उन्हात टाकली, भाकऱ्या थापल्या, कोलंबीचं कालवण केलं, तेही बिनमिठाचं. जन्मभर मीठ पिकवलेल्या माणसाला डॉक्टरने मीठच बंद केलं होतं, काय म्हणावं या नशिबाला! कालवण चाखून तोंड वाकडं झालं, तरी तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. डबा घेऊन मायलेक करंजाहून लाँचने रेवसला उतरले आणि रिक्षाने अलिबाग गाठलं.

तुरुंगाच्या दारात विनिता वकील उभ्या होत्या. "अल्पेश, फोन का कापलास? मावशी, एक अट आहे. साक्षीदार सगळे तुमच्याच गावचे. खटला संपेपर्यंत काळूरामकाकांना करंजालाच काय, उरण तालुक्यात कुठेही पाऊल ठेवता येणार नाही."

"आन् तंवर हे..." गोदूने डबा छातीशी धरला. तोवर काळूराम पुरणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

एवढ्यात शिपायाच्या आधाराने काळूराम बाहेर आला. निम्मा झाला होता, पण डोळे लुकलुकत होते. अट ऐकून तो म्हणाला, "मंग रेवसला न्या. तुझ्या बहिनीकडं, वेणूबाईकडं. थितना आपला गाव दिसतो."

रेवसच्या धक्क्यावर रिक्षातून उतरताच त्याने खाडीपल्याड बोट केलं. "त्यो बघ आपला डोंगर! त्याच्या पायथ्याला आपलं घर!" त्याचं नाचायचंच बाकी होतं. गोदूने डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्या पायांवर बाटलीतलं पाणी ओतलं, तुकडा ओवाळला आणि खाडीत भिरकावला.

"अगो, ह्यो घरच्या उंबऱ्यावर करायचा मान."

"उंबरा न्हाय आला. मी आलेय ना?"

तुकडा लाटांवर हेलकावत करंजाच्या दिशेने निघाला. "त्याला कोर्टाची बंदी न्हाय," काळूराम हसला.

तेवढ्यात लाँचवरच्या खलाशाने हाळी दिली, "चला, करंजा!"

सवयीने काळूरामने पाऊल उचललं. गोदूने त्याचा हात घट्ट धरला.