पणजी कोण होणार

लाँड्रीत सगळे तिला वहिनी म्हणत. दीर म्हणत ते ठीकच, नात्यानं ती त्यांची वहिनीच. पण कपडे टाकायला येणारे वकील म्हणत, समोरचा न्हावी म्हणे, साबण पोचवणारा म्हणे, आणि कहर म्हणजे पोटचा मुलगाही तिला वहिनीच म्हणे. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो बोलायला लागला तेव्हा घरात तीन काका होते. तिघंही सकाळपासून "वहिनी, चहा", "वहिनी, माझा शर्ट" म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. आणि "आई" अशी हाक मारली की ओ द्यायची ती वहिनीची सासू. पोरगं पाहत होतं. सगळे जिला जे म्हणतात तेच त्यानंही म्हटलं, आजीला आई आणि आईला वहिनी. घरभर हशा पिकला.

"राहू दे गं, मोठा झाला की सुधारेल," सासू म्हणाली.

मोठा झाला, मिशी फुटली, लग्न झालं. सुधारला नाही.

वहिनीनं कधी तक्रार केली नाही. मात्र लहानपणी तो कुठे धडपडला आणि "आई गं!" म्हणून ओरडला, की ती गरम इस्त्री उभी करून अशी पळायची की विचारू नका. लागलं-खुपलं की "आई गं" सगळेच म्हणतात, हे काय तिला कळत नव्हतं? पण तेवढी एक हाक ती आपली मानायची. बाईला काहीतरी लागतंच ना धरून राहायला.

म्हणून नात झाली तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं. आई गेलं ते गेलं. आता आजी मात्र माझं.

नातीचं लाडाचं नाव पडलं बटण. लाँड्रीवाल्यांच्या घरात दुसरं काय पडणार! बटणच्या आईनं, म्हणजे वहिनीच्या सुनेनं, पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे बघा, माझी मुलगी मला आई म्हणणार. काकू नाही, वहिनी नाही, आई." सून औषधांच्या दुकानात कामाला, बोलणं मोजकं आणि ठाम. वहिनीला तिचा असा हेवा वाटला की काय सांगावं.

सासूनं मान डोलावली. "घे बाई, आई तुला दिलं. इतकी वर्षं वापरलं, आता तू वापर. मी आपली आजी होते."

झालं! संगीत खुर्ची सुरू झाली होती आणि वहिनी पुन्हा उभीच राहिली होती.

"अहो, पण आजी तर या," सून वहिनीकडे बोट करून म्हणाली. "तुम्ही पणजी."

"पणजी?" सासूनं बशी खाली ठेवली. "पणजी म्हणजे भिंतीवरची बाई. फोटोत असते. मी आजवर एकसुद्धा पणजी चहा पिताना बघितलेली नाही. मी अजून चहा पिते म्हटलं!"

"मग वहिनींनी काय व्हायचं?"

"तिला काय, ती वहिनी आहेच की."

वहिनीच्या नवऱ्याकडं सगळ्यांनी पाहिलं. आई एकीकडे नि बायको दुसरीकडे असली की हा माणूस वाफेच्या इस्त्रीमागे गडप व्हायचा. त्या दिवशी धुतलेल्या पडद्यांनासुद्धा दोनदा इस्त्री झाली.

आणखी गंमत म्हणजे सुनेच्या आईला आजी व्हायचंच नव्हतं. "मी काय म्हातारी आहे का? मला मम्मा म्हणायचं," असं तिनं फोनवरच बजावलं. जिला आजीपण फुकट मिळत होतं तिला ते नको होतं, आणि जिला हवं होतं तिच्या वाटेत सासू बसली होती. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते खोटं नाही.

बटण बोलू लागली तशी सासूनं उघडउघड लाचलुचपत सुरू केली. मांडीवर बिस्किटांचा डबा. "आजी म्हण, मग बिस्कीट." पोर चट्दिशी म्हणायची. आणि वहिनी समोरून गेली की तीच पोर बापाच्या सुरात ओरडायची, "वयनी!" सगळे हसायचे. वहिनीही हसायची, मग आत जाऊन उगाच ओले कपडे पुन्हा पिळायची.

सून चिडायची. "अरे, तू आधी त्यांना आई म्हण, म्हणजे पोरगी आजी म्हणेल," असं तिनं नवऱ्याला एकदा धरून बसवलं. तो वहिनीसमोर उभा राहिला, घसा खाकरला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि म्हणाला, "वहिनी, चहा आहे का?" वहिनीलाच त्याची दया आली. तिनं चहा टाकला.

आता या लाँड्रीची एक रीत सांगायला हवी. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरआत सासू रंगीत दोऱ्याचे तीन टाके घालायची. डॉक्टरांचे निळे, न्हाव्याचे हिरवे, वकिलांचे लाल. चिठ्ठ्या धुण्यात भिजतात, टाके भिजत नाहीत. कुणाचा कुठला रंग ते सासूच्या डोक्यात होतं, आणि हा मान तिनं कुणाला दिला नव्हता. शिकवलं मात्र एकीलाच होतं. वहिनी नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिनं सुई डाव्या हातात धरलेली पाहून दिरांनी टिंगल केली होती. सासूनं त्यांना हाकलून लावलं आणि स्वतः वहिनीच्या समोर येऊन बसली. "शेजारी बसून तुला उलटं दिसेल. आरशात बघतेस तसं माझ्याकडे बघ आणि कर." दुपारभर सासू तिच्यासमोर आरसा होऊन बसली होती. या बाईवर धड रागावताही येत नाही ते यामुळेच.

गेल्या काही दिवसांत मात्र घोटाळे व्हायला लागले होते. डॉक्टरांचा कोट न्हाव्याकडे गेला. न्हाव्याचा झगा डॉक्टरांकडे, केसांसकट. मुलगा दुकानात कामाला असलेल्या पोरांवर खेकसला, पोरं एकमेकांवर. कुणालाच कळेना.

मग एके दिवशी सून काळजीत पडून म्हणाली, "बटणला रंग कळत नाहीत की काय! निळ्या कपाला हिरवा म्हणते, माझ्या निळ्या चपलेला हिरवी म्हणते. डोळे दाखवायला हवेत."

वहिनीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. पोरीला रंग शिकवतं कोण? दुपारभर रिळांचा डबा पुढ्यात घेऊन बसतं कोण?

ती सहज गेल्यासारखी सासूकडे गेली. "आई, जरा निळं रीळ द्या हो."

सासूनं डबा चाचपला आणि मोठ्या तोऱ्यात हिरवं रीळ तिच्या हातात ठेवलं.

वहिनीनं ते उजेडात नेऊन पाहिलं. हिरवंच. म्हातारीच्या डोळ्यांवर मोतीबिंदू येत होता, आणि सासू ते कुणालाही, कदाचित स्वतःलाही, सांगत नव्हती.

नेमकं त्याच दिवशी जेवताना ठिणगी पडली. सून म्हणाली, आता पोरीच्या डोक्यात गोंधळ नको, एकदाच ठरवू. सासूनं ताट बाजूला सारलं. "काय ठरवायचंय? मी आजी. हात चालतात, पाय चालतात, या घराचं काम माझ्या सुईवर चालतं. मला भिंतीवर लटकवायची एवढी घाई झालीय का गं तुला?" हे शेवटचं वहिनीकडे बघून.

एक वाक्य पुरलं असतं. आई, तुम्हाला निळं-हिरवं दिसत नाही. बस्स. सुई गेली असती, तोरा गेला असता आणि आजीपण आपोआप पदरात पडलं असतं. वाक्य वहिनीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं सासूकडे पाहिलं. म्हातारी रागावलेली नव्हती. ती घाबरली होती.

"मला कसली घाई?" वहिनी म्हणाली. "भात घ्या थोडा."

नंतर तिनं सुनेला बाजूला घेऊन पोरीचे डोळे चांगले आहेत एवढंच सांगितलं. आणि रोज जेवणानंतर सासूचा डोळा लागला की वहिनी गठ्ठे उघडायची, चुकलेले टाके उसवायची, बरोबर रंगाचे घालायची आणि गठ्ठे होते तसे बांधून ठेवायची. कोट डॉक्टरांकडे जायला लागला, झगा न्हाव्याकडे. सासू ऐटीत म्हणाली, "बघा, पोरांना झापलं की काम नीट होतं."

पण डोळे गेले तरी बोटं कुठे गेली होती? एकदा डॉक्टरांचा कोट घडी घालताना सासूचं बोट कॉलरआत गेलं आणि तिथंच थांबलं. तिनं दुसरा कोट घेतला. तिसरा घेतला. मग हाक मारली, "इकडे ये."

वहिनी आली. दुकानात तेव्हा दोघीच होत्या. बटण टेबलाखाली रिळं रचत होती.

"हा टाका डावीकडे झुकतो," सासू म्हणाली. "माझा उजवीकडे झुकतो. असा टाका घालणारी या घरात एकच आहे. मीच शिकवलीय." तिनं कोट पुढं केला. "कधीपासून?"

"बटण निळ्याला हिरवं म्हणायला लागली तेव्हापासून."

सासूनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! पोरीला मी..." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते दोघींनाही कळलं नाही. "मी तुला जेवताना एवढं लागट बोलले. तेव्हा का नाही तोंड उघडलंस? एका शब्दात मला गप्प केलं असतंस."

"म्हणून तर नाही उघडलं."

"वाईट आहेस. धड भांडूसुद्धा देत नाहीस." सासूनं पदरानं नाक पुसलं. बराच वेळ ती कोटाची घडी मोडत आणि घालत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "तुझा मुलगा मला आई म्हणायचा ना, तेव्हा त्याला समजवायला हवं होतं मी. नाही समजावलं. गोड वाटायचं गं मला."

इतक्या वर्षांनी कुणीतरी ते पाहिलं होतं, हे कळूनच वहिनीचं मन भरून आलं. आत वाफेचं यंत्र शिट्टी मारत होतं, त्याचं निमित्त करून ती पळाली.

सासूनं टेबलाखाली हात घातला. "बटण, बाहेर ये. हा सुयांचा डबा आजीला नेऊन दे. धर नीट, उघडू नको."

बटणनं घट्ट झाकणाचा डबा घेतला आणि मोठ्या इमानानं सासूच्याच मांडीवर ठेवला. "आजी, घे."

"मी नाही गं राणी. मी पणजी. आजी ती, आत गेली ती."

बटणला हे साफ नामंजूर होतं. "बिकीट?"

"बिस्कीटसुद्धा आता तिच्याकडे," सासू म्हणाली आणि बिस्किटांचा डबाही तिनं पोरीच्या दुसऱ्या हातात दिला. एवढं म्हटल्यावर पोर तात्काळ आतल्या खोलीकडे निघाली.

वहिनी वाफेत उभी राहून चादर ओढत होती. मागून आवाज आला, "आजी."

तिनं वळूनही पाहिलं नाही. सवयच ती. तिथूनच ओरडली, "आई, अहो, बटण तुम्हाला हाक मारतेय!"

"मला नाही," दारातून उत्तर आलं. वहिनी वळली. सासू चौकटीला टेकून उभी होती, हातात कप. तिनं मुद्दाम मोठा भुरका मारला. "बघून घे नीट. पणजी चहा पितेय."

वहिनीनं खाली पाहिलं. दोन्ही हातांत दोन डबे, मान वर करून, पोर रागानं लालबुंद झाली होती. किती वेळ हाक मारायची माणसानं!

"आजी!" ती किंचाळली.

वहिनीच्या हातातून चादर सुटली. ती खाली बसली, अगदी पोरीच्या तोंडासमोर, आरशासारखी.

"ओ," ती म्हणाली.