डावीकडे झुकलेली मान

माझ्या अभिनयाबद्दल आजवर जे काही चांगलं छापून आलंय, ते सगळं माझ्या मानेबद्दल आहे. महत्त्वाचं वाक्य बोलण्याआधी मी थांबतो, मान किंचित डावीकडे झुकवतो आणि मग बोलतो. एका समीक्षकाने याला 'शब्दाआधीचं मौन' म्हटलं होतं. ते कात्रण मी फ्रेम करून सोफ्यासमोर लावलंय, आलेल्या माणसाला चुकवताच येणार नाही अशा बेताने. खरी गोष्ट एवढीच की मला वाक्य आठवत नसतं, आणि आई डाव्या विंगेत बसायची.

आई प्रॉम्प्टर होती. स्टुलावर बसायची, मांडीवर संहिता, एका हातात छोटी बॅटरी आणि दुसऱ्या हाताचं बोट चालू ओळीवर. नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानात पोचलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला पत्ता लागता कामा नये, हे तिचं काम. बाबा त्याच नाटक मंडळीत नट होते. विसरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नाचं विचारतानासुद्धा ते मध्येच अडकले आणि वाक्य आईनेच पुरं केलं म्हणे. अशा घरातल्या पोराकडून पाठांतराची अपेक्षा ठेवणं हाच मुळात अन्याय होता.

मी त्या स्टुलाच्या पायाशी वाढलो. गृहपाठ तिथे, डुलक्या तिथे. सहाव्या वर्षी मला रंगमंचावर ढकलण्यात आलं. हरवलेल्या मुलाचं काम, वाक्य एकच, "मला घरी जायचंय." दिवे अंगावर आले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डावीकडून हळूच आलं, "मला घरी जायचंय." मी म्हटलं. मग आलं, "पुढे हो, अंधारात उभा आहेस." समोरच्या पोलिसाला मी तेही सांगितलं. मग आलं, "बाहीला नाक पुसू नकोस." तेही सांगितलं, आणि चांगलं दरडावून सांगितलं. लोक हसून हसून बेजार झाले. आपण मोठे नट होणार, याबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून शंका उरली नाही.

पुढे भूमिका मोठ्या झाल्या, डोकं होतं तेवढंच राहिलं. इतरांना आई अख्खं वाक्य द्यायची, मला पहिला शब्द पुरायचा. नुसत्या श्वासावरून तिला कळायचं की आता याचं घोडं पेंड खाणार.

मग टीव्हीने बोलावलं, आणि तिथे तर माझ्यासारख्यांची चंगळच. कॅमेऱ्यामागे सहायक दिग्दर्शक वाक्य वाचतो, आपण पाठोपाठ म्हणायचं, त्याचा आवाज नंतर काढून टाकतात. मी त्याला कायम डावीकडे उभं करायचो. एका मालिकेत मी कित्येक वर्षं घरातला करारी थोरला काका होतो. रस्त्यात लोक मला बघून मान वाकडी करायचे आणि मी भाव खायचो. शेवटी लेखकाने काकाला जिन्यावरून पाडलं. माझा फोन वाजायचा थांबला.

अशात एका तरुण दिग्दर्शिकेने नाटक आणलं. मुलाला न विचारता दुकान विकून टाकणारा म्हातारा घड्याळजी, त्याचं काम.

"काका, तुमचा तो पॉज मला हवाय," ती म्हणाली. "फक्त माझ्या नाटकात प्रॉम्प्टर नसतो."

"छे, मला कशाला लागतो प्रॉम्प्टर," मी म्हणालो. माणूस बेकार असला की काहीही बोलतो.

त्याच सुमारास आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी असेपर्यंत ताई तिला वाचून दाखवायची, आणि तिने मागितलं काय, तर माझ्या नाटकाची संहिता. पट्टी निघाल्यावर आई जेवताना म्हणाली, "आता तुला समोरून बघणार मी."

"एवढी वर्षं काय केलंस मग?"

"ऐकलं. डोळे बोटावर आणि बोट ओळीवर. तू काय करायचास ते कुठे बघायला मिळालं मला?"

"आणि टीव्हीवर?"

ताई हसायला लागली. "अरे, तुझी मालिका लागली की आई मान खाली घालून ऐकते. बोट मांडीवर चालू असतं. सवय."

ती खाली मान मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो. मला वाटायचं, आईला माझं काम बघवत नाही. मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आई पहिल्यांदा मला बघणार, आणि काय बघणार, तर तोंड उघडं टाकून उभा असलेला एक प्रौढ गृहस्थ.

म्हणून जन्मात पहिल्यांदा मी पाठांतर केलं. आंघोळीत केलं, दाढी करताना केलं. बायकोने हात टेकले आणि भाजी चिरता चिरता माझा मुलगा होऊन वाक्यं द्यायला लागली.

दुपारचा प्रयोग होता. तिसऱ्या रांगेत मधोमध आई, शेजारी ताई. पहिला अंक कुठेही न अडता पार पडला. मी हळूच बघितलं, तर आईची मान खाली आणि बोट गुडघ्यावर सरकतंय. म्हणजे एवढं मरमरून केलेल्या पाठांतराचं फळ काय, तर ती पुन्हा ऐकतच होती. मला रागच आला.

दुसऱ्या अंकात मुलाने विचारलं, "बाबा, दुकानाची किल्ली कुठाय?" यावर मी म्हणायचं, "दुकान मी विकलं." अख्ख्या नाटकातलं सगळ्यात सोपं वाक्य, आणि तेच गेलं. मान आपोआप डावीकडे झुकली. विंगेत वाळूची लाल बादली होती. तिने काही मदत केली नाही.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आईचं बोट थांबलं होतं. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. ऐकलेलं नाटक ती विसरत नाही, वाक्य तिला येत होतं. मी पहिल्या शब्दाची वाट बघत राहिलो. तिचे ओठ मिटलेलेच होते. ती माझ्या बुटांपासून कपाळापर्यंत सावकाश बघत होती, आणि समोर माझा मुलगा घामाघूम झाला होता.

"दुकान मी विकलं," मी कधीतरी म्हणालो. तिची मान परत खाली गेली.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिकेने मला मिठीच मारली. असा पॉज तिने आयुष्यात बघितला नव्हता म्हणे. मी 'अनुभव, दुसरं काय' असं काहीतरी पुटपुटलो. मेकअपरूममध्ये आई खुर्चीवर बसली होती.

"केस फार गेले रे तुझे," ती म्हणाली.

"ते जाऊ दे. वाक्य येत होतं ना तुला?"

"येत होतं."

"मग दिलं का नाहीस? मेलो होतो मी तिथे."

"कळलं मला. श्वासावरूनच कळलं." तिने माझ्या गालावरचा रंग पदराने पुसला. "पण दिलं असतं तर तू बोलायला लागला असतास, आणि माझी मान परत खाली गेली असती. म्हटलं, अजून थोडं बघून घेऊ."