आर्डिसचे खांदे

माझ्या दुकानात पिस्तूल घ्यायला कॉफी निवेपर्यंतचा वेळ लागायचा. त्याचा आवाज कमी करणारी वीतभर नळी घ्यायची म्हटलं, की मात्र दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे, फोटो आणि थेट वॉशिंग्टनची परवानगी. त्या वर्षी परवानगी यायला नऊ महिने लागत होते. तोवर गिऱ्हाइकाचा सायलेन्सर माझ्या तिजोरीत राही. गिऱ्हाइकाने यावं, दुकानामागच्या माळावर माझ्यादेखत चार गोळ्या झाडाव्यात आणि हात हलवत घरी जावं. आम्ही आयडाहोतले लोक याला तुरुंगातली भेट म्हणायचो. काही जण कैद्यासाठी खाऊही आणत. तो मी खात असे.

मार्चमधल्या एका गुरुवारी वेंडेल आला, बायकोला, आर्डिसला, घेऊन. वेंडेलने चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली होती आणि कान तिथेच ठेवून आला होता. श्रवणयंत्र होतं त्याच्याकडे. घरी, ड्रॉवरमध्ये. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा.

"मर्ल, सगळ्यात कमी आवाजाचं पिस्तूल दाखव," तो ओरडला.

"तुला रे काय करायचंय? तुझ्यापुढे सगळीच मुकी!" मीही ओरडलो.

"माझ्यासाठी नाही, गाढवा. हिच्यासाठी."

वेंडेल रोज संध्याकाळी घरामागच्या कुंपणावर बीन्सचे रिकामे डबे मांडून नेमबाजी करायचा, आणि आर्डिस ओट्यावर खुर्ची टाकून मोजायची. पडलेले डबे मोजायची, न पडलेल्यांवर भाष्य करायची. त्यांचा संसार मुख्यतः याच भाष्यावर चालला होता. डिसेंबरात तिच्या डोक्यातली गाठ काढली आणि तेव्हापासून तिला आवाज सोसेना. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच गोळीला ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. वेंडेलने पिस्तूल कुलपात टाकलं. गाठ परत येणार, हे डॉक्टरांनी दोघांना सांगितलं होतं. कधी, ते सांगितलं नव्हतं.

"मी म्हटलं, मी आत बसते, तू खुशाल मार," आर्डिस मला म्हणाली. "तर म्हणतो, मग मोजणार कोण?"

मी माळावर तिला खुर्ची दिली. पहिल्यांदा पंचेचाळीस कॅलिबरचं काढलं. त्याची गोळी जड, आवाजाच्या वेगापेक्षा सावकाश जाणारी, म्हणून हवेत फटका बसत नाही. पिस्तुलाच्या तोंडाला आटे होते, त्यांवर दुकानातला दाखवण्याचा सायलेन्सर फिरवून बसवला आणि चाप ओढला. सिनेमात फुस्स होतं, तसं काही होत नाही. कुणीतरी जाडजूड पुस्तक टेबलावर आपटल्यासारखं होतं.

वेंडेल समोर मांडलेल्या डब्याकडे बघतच नव्हता. तो आर्डिसच्या खांद्यांकडे बघत होता. ते कानांपर्यंत गेले.

"हे नको."

"अरे, मी काही बोलले का?"

"खांदे बोलले."

मग नऊ मिलिमीटरचं, त्यातही हळू जाणाऱ्या गोळ्या. खांदे निम्मे वर गेले. वेंडेलने मान हलवली. शेवटी बावीस कॅलिबरचं, लांब नळीचं, जरा पुढे झुकणारं. मी गोळी झाडली. खांदे होते तिथेच.

"मारलंस, की अजून मारायचंय?" आर्डिसने विचारलं.

"हेच," वेंडेल म्हणाला.

"पोराटोरांचं आहे हे," मी बजावलं. "डबा पडेल, पण त्याला राग येणार नाही."

"तसाही याच्या हातून कुठे पडतो!" आर्डिस म्हणाली, आणि डिसेंबरनंतर पहिल्यांदा वेंडेल हसला.

सायलेन्सरच्या अर्जात कारण विचारलेलं असतं. सगळे लिहितात, कायदेशीर वापर. वेंडेलने लिहिलं, ओटा. मी त्याला नवा कागद दिला.

मग दर गुरुवारी भेट सुरू झाली. तो दहा गोळ्या झाडायचा, ती मोजायची.

"तीन. बाकीच्या सात कॅनडात गेल्या."

कैद्यासाठी ती रानबेरीचं सारण भरून भाजलेला गोड ‘पाय’ आणायची. जुलैपर्यंत स्वतः केलेला, नंतर बेकरीतला. सप्टेंबरात डोक्याला रुमाल बांधून आली आणि मोजताना चारनंतर थांबली. वेंडेलला ऐकू येत नव्हतं, म्हणून पुढचे आकडे मी बोटांनी दाखवले. ऑक्टोबरात तो एकटाच आला आणि चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीची प्रार्थना किती वाजता, ते सांगून गेला.

परवानगी डिसेंबरात आली. सरकारने दिलेला शब्द पाळला, बरोबर नऊ महिने.

मी तिजोरी उघडली. "आता घरी नेऊ शकतोस."

"आधी इथे बघू दे."

माळावर तिची खुर्ची तशीच होती. मी हलवली नव्हती. वेंडेलने सायलेन्सर चढवला, एक गोळी झाडली आणि मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मोठा आला का रे आवाज?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"तुझ्या मानेला काय कळतंय!"

मग मी जाऊन खुर्चीत बसलो. खुर्ची बुटकी होती, मला आजवर माहीत नव्हतं. त्याने दुसरी गोळी झाडली आणि वळून माझ्या खांद्यांकडे पाहिलं. मी ते सकाळपासून आवरून धरले होते. आता काही केल्या आवरेनात.

वेंडेल पाहत राहिला. मग त्याने सावकाश, एकेक आटा मोजल्यासारखा, सायलेन्सर उतरवला आणि माझ्या हातात दिला.

"ठेव तुझ्याकडेच, पुढच्या गुरुवारपर्यंत," तो म्हणाला. "अजून फार मोठा येतोय."